कंपनीची रेल्वे सरकारची कशी झाली? बेळगाव, गोव्यापासून हैदराबाद, बडोद्यापर्यंत मालकी बदलाची पूर्ण माहिती

भारतीय रेल्वे सरकारी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ती सरकारी कधी झाली असं विचारलं की उत्तर बहुधा 'स्वातंत्र्यानंतर' असं येतं. ते अर्धंच बरोबर आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण एका वटहुकमाने झालं, तसा एक दिवस रेल्वेच्या इतिहासात सापडत नाही. रेल्वे सरकारकडे यायला १८७९ पासून १९५० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळपास ७५ वर्षं लागली. त्यातला बराच भाग ब्रिटिश राजवटीतच उरकला होता.

सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हा विषय जवळचा आहे. बेळगाव, मिरज, लोंढा, मुरगाव, सिकंदराबाद, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर या प्रत्येक ठिकाणची रेल्वे वेगळ्या मालकाची होती आणि प्रत्येकीची सरकारकडे येण्याची वाट वेगळी होती.

थोडक्यात

- रेल्वे 'सरकारी' होणं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी: मालकी सरकारकडे येणं, कारभार सरकारने हाती घेणं आणि सगळ्या रेल्वे एकत्र करणं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात झाल्या.
- मोठ्या कंपन्यांची मालकी १८७९ ते १९०७ या काळात सरकारकडे आली. कारभार मात्र १९२५ ते १९४४ या काळात टप्प्याटप्प्याने आला.
- संस्थानांच्या रेल्वे १९४९-५० मध्ये केंद्राकडे आल्या आणि १९५१-५२ मध्ये सगळ्यांची मिळून सहा विभागांत मांडणी झाली.
- जोखमीचा पैसा पहिल्या दिवसापासून इथल्या करदात्याचाच होता.

भांडवल कंपनीचं, हमी सरकारची

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ती चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही लंडनची कंपनी होती. भागधारक इंग्लंडमधले, संचालक मंडळ लंडनला आणि रूळ इकडे, अशी रचना होती.

इतक्या दूरच्या देशात पैसा घालायला इंग्रज गुंतवणूकदार सहज तयार होईना. म्हणून १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना हमी दिली. जमीन फुकट आणि गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याज नक्की. करार ९९ वर्षांचा होता. २५ किंवा ५० वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता.

याचा हिशेब सोपा आहे. समजा कंपनीने १०० रुपये घातले आणि रेल्वेने वर्षाला ३ रुपये कमावले. ५ टक्के तर द्यायचेच आहेत, मग वरचे २ रुपये सरकारी तिजोरीतून जायचे. सरकारी तिजोरी म्हणजे इथल्या शेतकऱ्याचा शेतसारा आणि मिठावरचा कर. कमाई ५ टक्क्यांच्या वर गेली तर जादा रकमेत कंपनीचाही वाटा असे. म्हणजे तोटा सरकारचा आणि नफा वाटून.

त्यात विनिमय दराची भर पडली. जुन्या करारांत हिशेबासाठी रुपयाचा दर २२ पेन्स धरला होता. पुढे चांदी स्वस्त झाली, रुपया घसरला. करारातला दर तोच राहिला आणि फरकाची झळ सरकारला लागली.

कमाईची हमी असल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? लॉर्ड डलहौसीने मैलामागे जो खर्च धरला होता, त्याच्या दुपटीहून जास्त खर्च प्रत्यक्षात झाला. विल्यम मॅसी हे भारत सरकारचे माजी अर्थसदस्य. १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांनी स्पष्ट सांगितलं की ५ टक्के मिळणारच असल्याने इंग्रज भांडवलदाराला आपला पैसा हुगळी नदीत फेकला की विटांत घातला, याचं सोयरसुतक नव्हतं. दादाभाई नौरोजी आणि त्यांच्यानंतरच्या राष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञांनी रेल्वेवर जी टीका केली, तिच्या मुळाशी हा हिशेब होता.

मालकी आली, कारभार कंपनीकडेच

कराराप्रमाणे विकत घेण्याची मुदत आली तसं सरकारने एकेक कंपनी घ्यायला सुरुवात केली. पहिली मोठी खरेदी ईस्ट इंडियन रेल्वेची, १८७९ च्या कायद्याने. एवढी रक्कम रोख देणं शक्य नव्हतं. म्हणून भागधारकांना १९५३ पर्यंत ठरावीक हप्ते द्यायचं ठरलं. आजच्या गृहकर्जासारखाच प्रकार, फक्त मुदत ७३ वर्षांची.

जीआयपी १९०० मध्ये विकत घेतली गेली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय, १९०५ च्या अखेरीस आणि मद्रास रेल्वे १९०७ मध्ये. पण विकत घेतल्यावर सरकारने ती बहुतेक वेळा पुन्हा कंपनीलाच चालवायला दिली. जीआयपीचा असा करार २५ वर्षांचा होता. १९०० ते १९२५ या काळात जीआयपीचे रूळ, इंजिनं, डबे, इमारती सगळं सरकारचं. पण अधिकाऱ्यांच्या नेमणुका, भाडेदर आणि रोजचा कारभार लंडनच्या संचालकांच्या हाती. घर आपल्या नावावर आणि किल्ल्या जुन्या मालकाकडे, अशी ही स्थिती होती. आज 'सरकारी की खासगी' असा वाद होतो तेव्हा हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बेळगावची लाइन: सुरुवातीपासून सरकारची, तरी कंपनीची

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने धान्य हलवण्यासाठी आणखी रेल्वे हवी असं १८८० मध्ये सांगितलं. त्यातून दख्खन आणि कर्नाटकात मीटरगेज लाइनी आल्या. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. होटगी-गदग ही तिची दुष्काळी भागातली सुरुवातीची लाइन. त्याच दशकात हुबळी, लोंढा, बेळगाव, मिरज हा पट्टा रेल्वेने जोडला गेला. कंपनीची मुख्य कचेरी धारवाडला होती. आज जिथे कर्नाटक कॉलेज भरतं, ती जुनी इमारत मूळची या रेल्वेच्या कचेरीची.

१८८० नंतरचे करार जुन्यांपेक्षा वेगळे होते. हमीचं व्याज कमी झालं होतं आणि बांधलेली लाइन सुरुवातीपासून सरकारची मालमत्ता मानली जात होती. कंपनी ती बांधणार आणि चालवणार, मुदतीनंतर करार संपवण्याचा हक्क सरकारला. म्हणजे बेळगाववरून जाणारी लाइन कागदोपत्री पहिल्यापासून सरकारी होती. प्रवाशाला मात्र तिकिटावर, डब्यावर, शिपायाच्या बिल्ल्यावर सगळीकडे कंपनीचंच नाव दिसायचं.

१ जानेवारी १९०८ रोजी मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे तयार झाली. मुख्यालय धारवाडहून मद्रासला गेलं. जुने लोक जिला 'एमएसएम' म्हणत, ती हीच.

संस्थानी लाइनी तिच्याशी जोडलेल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या पैशाने बांधलेली मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ मध्ये सुरू झाली. मालकी संस्थानाची आणि गाड्या चालवणारी सदर्न मराठा कंपनी.

अ‍ॅक्वर्थ समिती: दिशा बदलणारा अहवाल

पहिल्या महायुद्धात रेल्वेवर प्रचंड ताण आला. इंजिनं आणि रूळ बाहेर पाठवले गेले, दुरुस्ती रखडली. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचे हाल आधीपासूनच होते. गांधीजींनी १९१७ मध्ये त्यावर पुस्तिकाच लिहिली. रेल्वेला सर्वाधिक प्रवासी तिसऱ्या वर्गातून मिळत आणि सर्वांत कमी सोय त्यांचीच होती. वरच्या नोकऱ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना, हीसुद्धा जुनी तक्रार होती.

या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये विल्यम अ‍ॅक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि राजेंद्रनाथ मुखर्जी हे भारतीय सदस्य होते. अहवाल १९२१ मध्ये आला. अनेक पूल नव्या वजनाच्या गाड्या पेलू शकत नाहीत, शेकडो इंजिनं आणि हजारो वाघिणी बदलण्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे, असं चित्र त्यात होतं.

समितीने मुख्य दोष पैशाच्या व्यवस्थेत दाखवला. रेल्वेचं जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळलेलं होतं. दुष्काळ पडला, सैन्यावर खर्च वाढला की रेल्वेच्या दुरुस्तीला कात्री. मार्चअखेरीस खर्च न झालेली रक्कम परत जायची. पाच-सहा वर्षं चालणारं बांधकाम एका वर्षाच्या मंजुरीवर कसं चालणार? म्हणून रेल्वेचा हिशेब वेगळा करा, अशी शिफारस झाली.

रेल्वे कोणी चालवावी यावर समिती दुभंगली. अध्यक्षांसह एका गटाने कराराची मुदत संपेल तशी प्रत्येक रेल्वे सरकारने थेट चालवावी असं मत दिलं, दुसऱ्या गटाला कंपन्यांचाही वाव हवा होता. लंडनमधले संचालक इथल्या गरजांपासून दूर आहेत आणि मोठा पैसा सरकारचाच असताना कंपनी नावापुरती उरली आहे, हा पहिल्या गटाचा युक्तिवाद होता.

फेब्रुवारी १९२३ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने ईस्ट इंडियन आणि जीआयपी सरकारने चालवायला घ्याव्यात असा ठराव केला. सप्टेंबर १९२४ च्या ठरावाने रेल्वेचं अंदाजपत्रक वेगळं झालं. व्यापारी लाइनींवरच्या भांडवलाचा १ टक्का आणि वरच्या नफ्याचा पाचवा हिस्सा रेल्वेने सरकारला द्यायचा, उरलेलं स्वतःकडे ठेवायचं, असं ठरलं. वेगळ्या रेल्वे बजेटची ही प्रथा २०१७ मध्ये ते मुख्य अर्थसंकल्पात विलीन होईपर्यंत टिकली.

प्रवासी आणि व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायला स्थानिक सल्लागार मंडळं असावीत, हीसुद्धा अ‍ॅक्वर्थ समितीची शिफारस. आज मंडल आणि झोन पातळीवर रेल्वे प्रवासी सल्लागार समित्या आहेत, त्यांचं मूळ इथे आहे. थांबा, वेळापत्रक, फलाटावरच्या सोयी यांबद्दल व्यापारी संघटना आणि प्रवासी संघ आपलं म्हणणं तिथे मांडू शकतात.

करार संपला, कारभार आला

सरकारने कुठल्याही मोठ्या कंपनीची रेल्वे जोरजबरदस्तीने काढून घेतली नाही. कराराची तारीख येऊ दिली आणि नूतनीकरण केलं नाही. १ जानेवारी १९२५ ला ईस्ट इंडियन आणि १ जुलै १९२५ ला जीआयपी सरकारच्या थेट कारभारात आली. योगायोग असा की मुंबईत पहिली विजेची गाडी त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, तेव्हा जीआयपीचा कारभार अजून कंपनीकडेच होता. मुंबई-पुणे 'डेक्कन क्वीन' १ जून १९३० ला निघाली ती सरकारी जीआयपीवर.

बाकीच्या रेल्वे दुसऱ्या महायुद्धात आल्या. १ जानेवारी १९४२ ला बीबीसीआय, १ एप्रिल १९४४ ला मद्रास अँड सदर्न मराठा आणि साउथ इंडियन, १ ऑक्टोबर १९४४ ला बंगाल नागपूर. युद्धकाळात ब्रिटनला पुरवलेल्या मालापोटी लंडनमध्ये भारताच्या नावे स्टर्लिंग साठत होतं, त्यामुळे तिथली रेल्वेची देणी फेडणं सोपं गेलं.

म्हणजे बेळगाव, खानापूर, लोंढा, मिरज या पट्ट्यातली रेल्वे कंपनीच्या हातून सरकारच्या हाती आली ती १ एप्रिल १९४४ रोजी. स्वातंत्र्य तेव्हा तीन वर्षांहून अधिक दूर होतं.

संस्थानांच्या रेल्वे

*हैदराबाद.* वाडी-सिकंदराबाद लाइन १८७४ मध्ये झाली. १८८३ मध्ये निजामाच्या सरकारने रेल्वे लंडनच्या कंपनीच्या हाती देण्याचा घाट घातला, तेव्हा हैदराबादमध्ये लोकांनी उघड विरोध केला. हे 'चांदा रेल्वे' प्रकरण म्हणून ओळखलं जातं. करार आधी लोकांपुढे ठेवा अशी मागणी होती. सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना या विरोधापायी संस्थानातून हद्दपार करण्यात आलं. कंपनी झालीच आणि निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे असं नाव मिळालं. 'गॅरंटीड' या शब्दात तीच जुनी व्याजाची हमी होती. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी लाइन १९०० च्या सुमारास पूर्ण झाली. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनी विकत घेतली. १ एप्रिल १९५० ला ही रेल्वे केंद्राकडे आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली.

*बडोदा.* गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम अरुंद रूळ टाकले. सुरुवातीला डबे बैल ओढत. पुढे डभोईभोवती नॅरोगेजचं जाळं विणलं गेलं. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही रेल्वे बीबीसीआयला जोडली गेली.

*इंदूर.* इथे उलटं घडलं. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये खांडवा-इंदूर लाइनसाठी ब्रिटिश सरकारलाच १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. लाइनला होळकर स्टेट रेल्वे नाव मिळालं. पुढे ती राजपुताना-माळवा रेल्वेतून बीबीसीआयच्या कारभारात गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत आली.

*ग्वाल्हेर.* शिंद्यांची दोन फुटी लाइन ग्वाल्हेरहून भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे जात असे. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. श्योपूरची छोटी गाडी २०२० पर्यंत धावत होती.

गोवा: तीन मालकांची एक लाइन

गोव्याची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात १८७८ मध्ये करार झाला. त्यानंतर १८८१ मध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी लंडनला स्थापन झाली. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही सुमारे ८० किलोमीटरची लाइन १८८७-८८ मध्ये सुरू झाली. प्रदेश पोर्तुगालचा, कंपनी लंडनची, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. पुढे कॅसलरॉकहून माल आणायला लोंढ्याकडची सदर्न मराठा होतीच. वाहतूक अपेक्षेइतकी झाली नाही आणि हमीचा बोजा पोर्तुगीज तिजोरीवर पडत राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठाकडे सोपवण्यात आलं.

त्यामुळे १९४४ मध्ये एमएसएम भारत सरकारकडे आली तेव्हा परदेशी भूमीवरची ही लाइनही भारतीय रेल्वेच चालवू लागली. १९५५ मध्ये सत्याग्रहींवरच्या गोळीबारानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि रेल्वे वाहतूक बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ही लाइन दक्षिण रेल्वेत आली.

१९५१: एकत्रीकरण आणि मुख्यालयाचा प्रश्न

स्वातंत्र्याच्या वेळी देशात चाळीसहून अधिक वेगवेगळ्या रेल्वे होत्या. गेज, भाडेदर, पगार, नियम सगळंच निरनिराळं. हृदयनाथ कुंझरू समितीने घाई नको, पाच वर्षं थांबा असं सुचवलं होतं. रेल्वेमंत्री एन. गोपालस्वामी अय्यंगार यांच्या काळात तरीही फेरमांडणी झाली. १४ एप्रिल १९५१ ला एमएसएम, साउथ इंडियन आणि म्हैसूर रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य आणि पश्चिम, तर १४ एप्रिल १९५२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य रेल्वे झाली.

यामुळे गाड्या लांब पल्ल्याच्या झाल्या, डबे आणि इंजिनं गरजेप्रमाणे फिरवता आली, नोकरीच्या अटी एकसारख्या झाल्या. तोट्यातली लाइन फायद्यातल्या लाइनच्या पैशावर जगू लागली. प्रवासी भाडं आजही खर्चापेक्षा कमी आहे. सरासरी ५७ टक्के खर्चच भाड्यातून वसूल होतो, असं वाक्य रेल्वेने तिकिटावरच छापायला सुरुवात केली होती.

पण मालकी जनतेची झाली म्हणून निर्णय जवळ आला असं नाही. बेळगावच्या माणसाला मोठ्या कामासाठी कुठल्या गावी जावं लागायचं ते पाहा. १८८२ नंतर धारवाड, १९०८ पासून मद्रास, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाल्यावर सिकंदराबाद आणि १ एप्रिल २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचं हुबळी. कंपनीच्या काळात धारवाडहून गेलेलं मुख्यालय शेजारी परत यायला ९५ वर्षं लागली. मिरज-लोंढा मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली, म्हणजे सरकारी कारभार सुरू झाल्यावर सुमारे ५० वर्षांनी. आजही बेळगाव हुबळी मंडलात आणि मिरज मध्य रेल्वेच्या पुणे मंडलात आहे, त्यामुळे कोल्हापूर, मिरज, बेळगाव पट्ट्यातली नवी गाडी मागायची तर दोन झोनच्या दारात जावं लागतं.

मागे राहिलेल्या लाइनी

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. पंढरपूरच्या वारकऱ्यांची ही लाडकी गाडी लंडनच्या कंपनीची होती. सरकारने ती १९५४ मध्ये घेतली.

विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, म्हणजे 'शकुंतला', मात्र खासगी मालकीतच राहिली. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि कंपनीला वाटा द्यायची. रूळ सुधारायचे कोणी, हा प्रश्न दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिला. काही वर्षांपासून गाडी बंद आहे. मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की दुरुस्तीचं काय होतं, ते इथे दिसतं.

ब्रिटनमध्ये काय चाललंय

ज्या देशातून या कंपन्या आल्या, तिथे १ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाली. १९९३ च्या कायद्याने ती पुन्हा खासगी झाली. रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसऱ्यांकडे, डबे भाड्याने देणाऱ्या तिसऱ्याच. रुळांची कंपनी कोसळल्यावर २००२ मध्ये ते काम नेटवर्क रेलकडे गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रवासी सेवा सरकारी मालकीत आणणारा कायदा झाला आणि २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वे ही त्याखाली आलेली पहिली सेवा ठरली. पद्धत आपल्याकडच्या १९२५ आणि १९४४ सारखीच आहे: करार संपू द्यायचा आणि पुन्हा द्यायचा नाही. डबे मात्र अजून खासगी कंपन्यांकडून भाड्यानेच घेतले जातात.

आजचा प्रश्न: कोकण रेल्वे

भारतात १ जुलै २०२० रोजी १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले गेले. प्रतिसाद तुटपुंजा मिळाला आणि योजना पुढे सरकली नाही. 'तेजस' खासगी म्हणून ओळखली गेली, तरी ती चालवणारी आयआरसीटीसी सरकारी कंपनीच आहे.

सीमाभाग आणि गोव्यासाठी खरा विषय कोकण रेल्वेचा आहे. रोहा ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटरची ही लाइन १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. ती सरकारी आहे, पण महामंडळाची: सुरुवातीला केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के भाग होते. दुपदरीकरणासाठी महामंडळाकडे पुरेसा पैसा नाही, म्हणून ती भारतीय रेल्वेत विलीन करावी अशी मागणी आहे. इतर राज्यांपाठोपाठ महाराष्ट्रानेही 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर २०२५ मध्ये संमती दिली.

विलीनीकरण झालं तर मालक सरकारच राहील. बदलेल ते एवढंच: दुपदरीकरणाचा पैसा कुठून येणार, लाइन कुठल्या झोनमध्ये जाणार आणि मडगाव, कारवार किंवा रत्नागिरीच्या प्रवाशाने तक्रार कोणाकडे न्यायची. झोन ठरण्याआधी प्रवासी संघटनांनी विचारायचे प्रश्न हेच आहेत, कारण एकदा मुख्यालय लांब गेलं की ते परत यायला किती वर्षं लागतात, हे धारवाड-हुबळीच्या उदाहरणात दिसलं आहे.

महत्त्वाच्या तारखा

- १८४९: ५ टक्के हमीचे पहिले करार
- १८५३: बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी
- १८७९: ईस्ट इंडियन रेल्वेच्या खरेदीचा कायदा
- १८८२: सदर्न मराठा रेल्वे कंपनी
- १९००: जीआयपीची मालकी सरकारकडे
- १९०८: मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे
- १९२१: अ‍ॅक्वर्थ समितीचा अहवाल
- १९२५: ईस्ट इंडियन आणि जीआयपीचा कारभार सरकारकडे
- १९३०: निजाम सरकारने रेल्वे कंपनी घेतली
- १९४२: बीबीसीआय सरकारकडे
- १९४४: बेळगाव पट्ट्यातली एमएसएम सरकारकडे
- १९५०: संस्थानी रेल्वे केंद्राकडे
- १९५१-५२: सहा विभागांत मांडणी
- १९५४: बार्शी लाइट रेल्वे सरकारकडे
- १९६१: गोवा मुक्ती, त्यानंतर मुरगाव लाइन दक्षिण रेल्वेत
- २००३: नैर्ऋत्य रेल्वे, मुख्यालय हुबळी